कोपर बसवायला एक मिनिट

दोन-अडीच वर्षांचं पोर रडत दवाखान्यात येतं. एक हात अंगालगत लोंबता, कोपरात किंचित वाकलेला, आणि तो हात सोडून बाकी सगळं अंग हलत असतं. मला दारातच कळतं, कोपर सरकलंय. वालचंदनगरच्या अलीकडं माझा दवाखाना आहे, आणि आमच्याकडं लेकरं उचलायची तऱ्हाच अशी की हे काम मला कधी कमी पडत नाही. मोटरसायकलवर घ्यायचंय, धर एक हात आणि ओढ वर. पाट ओलांडायचाय, धर एक हात. लहान पोराच्या कोपरातलं हाड धरून ठेवणारा पट्टा सैल असतो, हिसका बसला की हाड त्यातून निसटतं. परत बसवायला एक मिनिट लागतं. या कामात आमच्या भागात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

फक्त काय झालं ते मला खरं सांगावं लागतं. पोर पडलं असेल तर हाड मोडलेलंही असू शकतं. तसला हात मी पिळत नाही, आधी एक्स-रेसाठी बारामतीला पाठवतो.

गेल्या वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत एक घर आलं. आबा, आजी, सून आणि सुनेच्या कडेवर नात. कोपराला हळदीचा लेप, वर टॉवेल बांधलेला. आजींनी सांगितलं, ओट्यावरून पडली. आई मोबाइलमध्ये होती म्हणून पडली. लेप पुसून होईपर्यंत त्यांनी हे तीनदा ऐकवलं.

"हिचं ध्यानच न्हाय पोरीकडं," त्या म्हणाल्या. सून मान खाली घालून उभी.

हाताला सूज नव्हती. गुडघे साफ, तळवे साफ, अंगावर एक ओरखडा नाही. ओट्यावरून पडलेलं पोर इतकं कोरं राहत नाही. पडताना कोणी पाहिलं, असं मी विचारलं. मग सून हळूच म्हणाली की ती आत भाकरी करत होती, बाहेर आबा ट्रॅक्टर घेऊन आले होते. आबा भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघायला लागले.

आता काय ते कळायचं राहिलं नव्हतं. पण कर्त्या माणसाकडं बोट दाखवायची आमच्याकडं रीत नाही. दोष वरून खाली घरंगळत येतो आणि सुनेपाशी थांबतो. मी मुकाट्यानं बारामतीची चिठ्ठी दिली असती तर पोरीचा हात कुठंतरी बसलाच असता. पण स्वतःची लेक पाडणारी बाई हे नाव तिला जन्मभर चिकटलं असतं. मला तिची फार कीव आली, आणि रागही आला.

मग मी माझ्याच घरातलं सांगितलं. माझा मुलगा एकदा रस्त्यावर धावत सुटला, बायकोनं त्याला हाताला धरून मागं ओढलं, कोपर सरकलं. मी ते बसवलं आणि पाहुण्यांच्या देखत तिला झाप झाप झापलं. समोरून ट्रक येत होता. तिनं ओढलं नसतं तर बसवायला पोरगा उरला नसता. मी डॉक्टर, तरी मला तेवढं कळलं नाही.

आबांनी टोपी काढून हातात घेतली. "मीच वडली डॉक्टर. टॅक्टरवर घ्यायला, एका हातानं." मग ते सुनेकडं वळले. त्या घरात सासरे सुनेशी थेट बोलत नसावेत, कारण तिनं गडबडीनं पदर पुढं ओढला. "पोरी, तुझी काय बी चूक न्हाय," ते म्हणाले. आजी टॉवेलची घडी घालायला लागल्या.

कोपरावर अंगठा ठेवला, तळवा फिरवला, हात वाकवला. अंगठ्याखाली कट्ट झालं, पोरगी किंचाळली, आणि दहा मिनिटांत त्याच हातानं तिनं माझा स्टेथोस्कोप ओढला. आबांना मी दोन्ही काखांत हात घालून उचलायला शिकवलं. त्यांनी तिथंच दोनदा उचलून दाखवलं.

माझी छाती फुगली होती. दुपारी जेवायला घरी गेलो आणि ताटावर बसता बसता बायकोला म्हणालो, "तेव्हा मी तुला उगाच बोललो. माझं चुकलं."

ती भाकरी वाढता वाढता थांबली. एकेक वेळ आठवून बघत असल्यासारखी माझ्याकडं बघत म्हणाली, "कुठल्या वेळचं म्हणताय?"