'कोरांबा'ला धुरांडी किती?

तिकिटं जमवणाऱ्यांकडे तिकिटांपेक्षा किस्से लवकर साठतात. तिकिटं निदान चिमट्याने उचलून वेगळी ठेवता येतात. किस्से एकमेकांना चिकटतात आणि मग कुठला कुणाचा ते सांगता येत नाही. खालचे मी जमतील तेवढे सुटे केले आहेत. चूक असेल तर ती माझी.

आमचं मंडळ चौघांचं. रविवारी कामोठ्याला, माझ्या सोसायटीच्या ऑफिसात जमतं. विषय एकच, टपाल तिकिटांवरची जहाजं. मी निवृत्त प्राध्यापक. समुद्राच्या लाटांवर पीएचडी केली आहे, आणि मला बोट लागते. जाधव मूळचे साताऱ्याचे, वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याचे व्यापारी. मंदाताई पाटील बोनकोड्याच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. चौथे इब्राहिमभाई, रायगडच्या किनाऱ्यावरचे. पनवेलला त्यांचं टाइल्सचं दुकान आहे.

* * *

आमचा एक नियम आहे. तिकीट अल्बममध्ये लावायच्या आधी त्या जहाजाचा इतिहास सांगायचा, आणि शेवटासकट सांगायचा. बुडालं, जळालं, भंगारात गेलं, जे असेल ते. शेवट नाही तर जागा नाही.

एकदा मी एक देखणं शिडाचं जहाज आणलं. बांधलं कुठे, फिरलं कुठे, सगळं सांगितलं.

"शेवट?" जाधवांनी विचारलं.

"अजून चालू आहे. नौदलाची मुलं शिकतात त्यावर."

"मग थांबा की सर!"

ते तिकीट अजून पाकिटातच आहे. जहाजाची तब्येत माझ्यापेक्षा बरी असल्याचं ऐकतो.

* * *

मंदाताईंच्या एका तिकिटावर शिडं उजवीकडे फुगली आहेत आणि झेंडा डावीकडे फडकतो आहे. "असं होऊ शकतं का, सर?" त्यांनी विचारलं.

मी आकृत्या काढून शिडामागे हवेचे भोवरे कसे तयार होतात ते समजावलं. माझं मलाच पटेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मंदाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. शाळेत त्या प्रमाण भाषा बोलायच्या, आमच्यात मात्र गावची बोलतात.

"सर, चित्र काढनारा घरान बसलेला हाय. दुसरा काय नाय!"

आकृत्या मी जपून ठेवल्या आहेत. कधी बरोबरही निघतील.

* * *

एका देशाने जहाजांचा अख्खा संच काढला. त्या देशाला समुद्रच नाही! मी म्हणालो, "हे नैतिकदृष्ट्या तपासायला हवं. समुद्र नसलेल्याने जहाजांत पडायचं काय कारण?"

जाधव चहा पीत होते. म्हणाले, "साताऱ्यात तरी कुठाय समुद्र? मी हायच की!"

तपास तिथेच थांबला.

* * *

खांदेश्वरला एका हॉलमध्ये आम्ही प्रदर्शन भरवलं. बुडालेल्या एका प्रवासी जहाजाबद्दल मी मोठा मजकूर लिहिला होता. फार लांबला का, या काळजीत दोन वेळा कापलाही होता. एक गृहस्थ त्याच्यासमोर येऊन उभे राहिले ते हलेचनात. मला भरून आलं. जवळ जाऊन म्हणालो, "काही शंका असतील तर विचारा."

"काका, एसी फक्त याच कोपऱ्यात लागतो का?"

* * *

इब्राहिमभाईंना मात्र एकच तिकीट हवं होतं. त्यांचे अब्बा 'कोरांबा' नावाच्या प्रवासी बोटीवर कोळसा टाकायचे, मुंबई ते आफ्रिका. घरात त्या बोटीचा फोटो नाही. अम्मांनी ती एकदाच पाहिली, लग्नानंतर नवऱ्याला सोडायला धक्क्यावर गेल्या तेव्हा. आता अम्मांनी नव्वदी ओलांडली आहे आणि नजर चालली आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काय दाखवायचं ते लवकर दाखवा.

"मी बोललो, ताजमहाल दाखवतो," इब्राहिमभाई सांगत होते. "नको बोलली. तिला बोटच पायजे. एकदा नीट बघू दे म्हणते, त्या दिवशी डोळ्यांत पाणी होतं."

आम्ही कॅटलॉगं पालथी घातली. तिकीट अखेर जाधवांनी मिळवलं, एका बेटावर कांदा पाठवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून. चित्राखाली स्पष्ट नाव होतं, 'कोरांबा'.

इब्राहिमभाईंनी ते नाव दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही हो बोला, मगच अम्माला दाखवतो. या वयात तिला खोटी बोट नाय दाखवणार."

* * *

इथून माझी झोप गेली. कारण 'कोरांबा' दोन होत्या. पहिली भंगारात गेल्यावर कंपनीने तेच नाव दुसरीला दिलं. पहिलीला दोन धुरांडी, दुसरीला एक. अब्बा दुसरीवर होते. म्हणजे फक्त धुरांडी मोजायची. आणि पोस्टाचा शिक्का नेमका धुरांड्यांवर! गोल, जाड, काळा.

मी भिंगाने पाहिलं, मोठ्या भिंगाने पाहिलं, मोबाइलवर फोटो ताणून पाहिला. कधी एक दिसायचं, कधी दोन.

"दोन हायेत," मंदाताई म्हणाल्या.

"एक," जाधव म्हणाले. "हात वर करून ठरवू."

"जाधव, हे मतदानाने ठरत नाही!"

"मग कशानं ठरतं?"

परदेशातल्या एखाद्या संग्रहालयाला विचारू, असं मी सुचवलं.

"त्यांचं उत्तर येईस्तोवर म्हातारीची नजर थांबणार हाय का?" जाधव म्हणाले.

* * *

शेवटी आम्ही चौघंही इब्राहिमभाईंच्या घरी गेलो. मी त्यांना सगळं खरं सांगून टाकलं होतं, की हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. ते म्हणाले, "मग अम्मालाच सांगा तसं."

अम्मा खिडकीपाशी उजेडात बसल्या होत्या. इब्राहिमभाईंनी चिमट्याने तिकीट समोर धरलं. अम्मांनी भिंग डोळ्याला लावलं.

मी घसा साफ केला. "अम्मा, या नावाच्या दोन बोटी होत्या, तेव्हा खात्रीने असं..."

अम्मांनी भिंग न काढता दुसरा हात वर करून मला थांबवलं.

"हीच," त्या म्हणाल्या. "धूर बघ केवढा काढते! म्हणून याच्या अब्बांचे शर्ट कितीही घासले तरी काळेच राहायचे."