अकोल्याला निघालो, मूर्तिजापूरला पोचलो

माझी आत्या अकोला सोडून मुलाकडे रायपूरला कायमची राहायला जाणार होती. दुपारची गाडी होती. बाबा म्हणाले, स्टेशनवर भेटून येऊ. फोनवर निरोप घेण्यात अर्थ नव्हता, कारण आत्याला फोनवर ऐकू येत नाही. "बरी हायेस का?" विचारलं की ती "जेवली" म्हणते.

अमरावतीहून अकोल्याला जायला रेल्वे आहे, एसटी आहे. बाबांना स्वतःच्या कारनेच जायचं होतं. या कारच्या पेट्रोलचा काटा महिनाभर अर्ध्यावर होता. आम्ही परतवाड्याला जाऊन आलो तरी अर्ध्यावरच. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, मोजपट्टीवर त्यांचा विश्वास आहे. मी त्यांना सांगितलं, की इतके किलोमीटर चालल्यावर काटा हलला नाही तर बिघाड काट्याचा असतो.

"गाडी ॲव्हरेज चांगला देऊन राह्यली," बाबा म्हणाले.

फेब्रुवारीत हा प्रवास करायचा असेल तर सकाळीच निघा, दहानंतर डांबर तापायला लागतं. आम्हाला उशीरच झाला. निघताना आत्यासाठी गिलावडा, म्हणजे चटणी ओतून खायचा अमरावतीचा वडा, बांधून घेतला. चटणीची पिशवी वेगळी घ्या. बडनेरा सोडलं की चौपदरी रस्ता लागतो आणि गाडी आपोआप पळते. दोन्ही बाजूंना तुरीची कापणी झालेली रानं. लोणीला थांबून चहा घेतला. चहा गोड होता, इकडे तो तसाच असतो.

लोणीच्या पुढे पंप दिसला तेव्हा मी वेग कमी केला.

"काहून थांबतं?" बाबांनी विचारलं.

"पेट्रोल टाकून घेऊ."

"अर्धी टाकी असतानी? आत्या थांबीन, रेल्वे नाई थांबणार."

वाद घालण्यात वेळ गेला असता, म्हणून मी पुढे निघाले. मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मी ती उतारावरून कडेला घेतली. काटा अर्ध्यावर होता.

बाबांच्या मते बॅटरी गेली होती. मी हॉर्न वाजवला, वाजला. किल्ली फिरवली, इंजिन फिरत होतं पण पकडत नव्हतं. म्हणजे बॅटरी शाबूत. मग टाकीचं झाकण उघडलं आणि बाबांना तिथे कान लावायला सांगून मी मागून गाडी हलवली. टाकीत पेट्रोल असेल तर डुचमळतं.

बाबा बराच वेळ कान लावून उभे होते.

"काई आलं का ऐकू?"

"नाई," ते म्हणाले, आणि कडेच्या दगडावर बसले. घड्याळाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. आत्या त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. आजी शेतात जायची तेव्हा हिनेच त्यांना सांभाळलं होतं. अकोला अजून बरंच दूर होतं.

मी आतेभाऊ संजयला फोन लावला. तो आणि आत्या अकोला स्टेशनवर पोचले होते. मी विचारलं, तुमची गाडी मूर्तिजापूरला थांबते का? तो म्हणाला, थांबते, दोन मिनिटं. मी म्हटलं, आत्याला दारात उभी कर.

वरूडची संत्री नेणारा एक पिकअपवाला हात दाखवल्यावर थांबला. बाबांना पुढे बसवत त्याने विचारलं, "काय झालं काकाजी?"

"पेट्रोल संपलं."

"काटा नाई पाह्यला?"

"पाह्यला," बाबा म्हणाले.

फलाटावर आम्ही चुकीच्या टोकाला उभे होतो. गाडी आली तसे बाबा गिलावड्याची पिशवी छातीशी धरून पळाले. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. दारात आत्या उभी होती, मागून संजयने तिचा दंड धरलेला.

"जयभीम आत्या," मी म्हटलं.

तिचं लक्ष बाबांकडे होतं. "इथी कसा तू? गाडी कुठी हाय तुयी?"

बाबा तिच्या कानाशी ओरडले, "रस्त्यावर. पेट्रोल संपलं."

"मंग पाई आला का?"

"संत्र्याच्या गाडीत."

तिने वाकून त्यांच्या गालावरून हात फिरवला, डोक्यावर ठेवला. "वाळला रे तू," ती म्हणाली. बाबा सकाळपासून काहीतरी बोलायचं जुळवत होते, मला माहीत होतं. ते म्हणाले, "चटणी आजच खाय. उद्या आंबीन."

"खातो ना," ती म्हणाली. हे तिला ऐकू आलं होतं. गाडी हलली. शेवटचा डबा गेल्यावरही बाबा तिथेच उभे होते.

गावातला एक मेकॅनिक कॅनमध्ये पेट्रोल घेऊन आमच्याबरोबर आला आणि मग गाडी गॅरेजात नेली. आधी त्याने काट्याच्या काचेवर टिचकी मारली, तिने काही झालं नाही. मग मागची सीट उचलून टाकीकडच्या वायरचं सॉकेट काढलं. काटा तळाला गेला. परत जोडलं, अर्ध्यावर आला.

"मीटर जिंदा हाय, वायरही," तो म्हणाला. "लफडा टाकीत हाय."

बॅटरी सोडवून त्याने टाकीतला पंप बाहेर काढला. त्याला एका दांडीवर तरंगणारा फ्लोट असतो, तो वरखाली होतो तसा काटा हलतो. महिन्यापूर्वी पंप बदलताना तो किंचित तिरपा बसवला गेला होता आणि दांडी अडकून राहिली होती. सरळ केल्यावर ती बोटाने सहज हलली. हे काम घरी करू नका. पण टाकी भरल्यावर किलोमीटरचा आकडा शून्यावर घेण्याची सवय मात्र लावा, तो अडकत नाही.

अकोल्याला जाण्याचं कारण उरलं नव्हतं. आलूबोंडा-रस्सा खाऊन आम्ही परत फिरलो. मला वाटलं, बाबांना लागलंय. सगळा दिवस घालवून दोन मिनिटं मिळाली, आणि ती चटणीवर गेली.

घरी आईने दारातच विचारलं, "झाली का भेट?"

बाबांनी चपला काढल्या. "झाली. तिच्या घरी गेलो असतो तं ते दिवसभर चुलीपाशीच राह्यली असती. आज नुसती माह्याकडं पाहून राह्यली होती."