टाचेची दोन हाडं

ती घटना आठवली की आजही वाडीतलं ते अंगण डोळ्यांपुढे येतं. ट्रकांनी उडवलेली धूळ हिवाळ्याच्या उन्हात तरंगत होती, सगळं झोपेतल्यासारखं शांत, आणि खड्ड्यात माणसाची हाडं. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे; वाडी गाव तेव्हा माझ्या ठाण्याच्या हद्दीत होतं, आणि मी तिथे फौजदार होतो.

घरमालकीण एकटी बाई. नवरा ट्रकवर गेला तो काही वर्षं परतलाच नव्हता. संडासाचा खड्डा खणताना हाडं निघाली आणि शेजाऱ्याने ठाण्यात येऊन सांगितलं, या नवरा-बायकोचं पटत नव्हतं. झालं! पंचनामा होईपर्यंत वस्तीने बाईला फाशीसुद्धा देऊन टाकली.

चौकशीत मी आवाज चढवला. खोटं बोलणारा माणूस बहुधा फार बोलतो. ही एकच गोष्ट धरून बसली. "मी काहून मारीन त्याइले, साहेब? मी त वाट पाहून राहिली."

ओळख पटवायला तिला हाडं दाखवली. टाचेचं एक हाड तिने हातात घेतलं, पदराने हळूच पुसलं. त्यांच्या टाचा फार फुटायच्या, मीच मेण लावून द्यायची, म्हणाली. मग कितीतरी वेळ ती ते हाड धरून बसली. हवालदार म्हणाला, नाटक आहे. मला तसं वाटेना, पण वाटण्यावर केस चालत नाही.

हाडं मेडिकल कॉलेजात पाठवली. शरीररचनेच्या प्राध्यापकांनी टाचेची दोन्ही हाडं खिडकीच्या उजेडात धरली. घोट्याचं हाड टाचेवर जिथे टेकतं, तिथे गुळगुळीत जागा असतात. कुणाच्या तीन सुट्या, कुणाच्या पुढच्या दोन जोडलेल्या. इथे डावीकडे तीन होत्या, उजवीकडे दोनच. एकाच माणसात असा फरक क्वचित सापडतो, म्हणाले. मग त्यांनी उजवं घोट्याचं हाड उजव्या टाचेवर ठेवून पाहिलं. ते बसेचना.

"ही एका माणसाची नाहीत. विद्यार्थी अभ्यासाला खऱ्या हाडांचा संच घेतात, त्या बोनसेटमध्ये अशी सरमिसळ होते. तिथे कुणी आमचा विद्यार्थी राहायचा का?"

राहायचा. मागच्या खोलीत पूर्वी एक भाडेकरू होता, तो आता कळमेश्वरला डॉक्टर होता. मला पाहताच बिचाऱ्याने सगळं सांगून टाकलं. पास झाल्यावर बोनसेट ज्युनिअरला विकायचा रिवाज. पण याची आई हटून बसली, माणसं आहेत ती, त्यांना माती दे. घरमालकीण माहेरी गेलेली असताना त्याने फुलं वाहून हाडं पुरली, आणि लाजेपोटी कुणाला सांगितलं नाही.

मी स्वतः वाडीला गेलो. बाईला म्हटलं, तुम्ही सुटलात, ती हाडं तुमच्या नवऱ्याची नाहीतच. वाटलं, हात जोडेल. तिने उलट मलाच विचारलं,

"मंग ते जित्ते हायेत का?"

मी म्हणालो, ते मला माहीत नाही.

"मी त कुंकू पुसलं, साहेब. आता लावू का नोको?"

खून झालाच नाही हे शोधून काढल्याचा मोठा अभिमान होता मला. तो त्या अंगणातच उतरला. पुढे बेपत्ता माणसाची तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी खुर्ची द्यायचो, आणि तपास बंद करायची घाई कधी केली नाही. तिच्या नवऱ्याचा पत्ता मात्र मी निवृत्त होईपर्यंत लागला नाही.