कनवटीतलं मिरचीचं बी

मला गप्प बसता येत नाही, हे सासरी पहिल्या वर्षीच सगळ्यांना कळलं. आष्टीपासून दोन कोसांवरच्या गावात मला दिलेलं. बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार सालं झाली होती, विहिरीला पुन्हा पाणी टिकायला लागलं होतं आणि सासरे विहिरीकडच्या चार गुंठ्यांच्या तुकड्यात उन्हाळी मिरची लावायचे. रोपं आष्टीच्या बाजारातून आणायची. लावली की महिन्याभरात पानं मुरडून झाडं खुजी राहायची. त्या रोगाला आमच्याकडं बोकड्या म्हणतात. त्या दिवाळीनंतर एकदा जेवता जेवता सासरे म्हणाले, "आवंदा मिरची बंद. तुकडा बैलाच्या घासाला ठेवू."

मी चुलीपुढं भाकरी थापत होते. तोंडातून निघूनच गेलं, "इकतची रोगट रोपं आणल्यावर दुसरं काय व्हणार? माझ्याकडं माहेरचं बी हाय."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. त्या घरात सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नसायचं. आपण सासूबाईंना सांगायचं, त्यांनी ते सासऱ्यांना सांगायचं, तिघं एकाच खोलीत हातभर अंतरावर बसलेलो असलो तरी. सासऱ्यांनी ताटावरची नजर काढली नाही. म्हणाले, "तिला म्हणावं, माघ सरायच्या आत तुकडा भरंल एवढी रोपं दाखव. भरला तर तुकडा तिचा. काय लावायचं, कवा तोडायचं, कोणाला द्यायचं, समदं ती ठरवंल. न्हाई भरला तर घास. आन् मंग जेवताना तोंड घालायचं न्हाई."

सासूबाई माझ्याकडं वळल्या आणि हे सगळं जसंच्या तसं मला पुन्हा सांगितलं. जणू मी बहिरीच. मी म्हटलं, "सांगा त्यांना, बराबर हाय." आनंदाच्या भरात तव्यावरची भाकरी करपली, ती मीच खाल्ली.

आता थंडीत मिरचीचं बी उगवत नाही, हे कुणीही सांगेल. बाहेर वाफ्यात टाकलं तर पंधरा-वीस दिवस नुसतं पडून राहतं, तोवर निम्मं मुंग्या नेतात. माझ्या आईची रीत वेगळी होती. ती बी कोमट पाण्यात भिजवायची, ओल्या चिंधीत बांधायची आणि पुरचुंडी कनवटीला खोचून हिंडायची. अंगाच्या उबेनं बी फुटायचं. मग घरातच मातीत लावायची. मी तेच करायचं ठरवलं. माझ्या लग्नातल्या पेटीत तिनं दिलेलं बी होतं, राखेत घोळवून ठेवलेलं. ही मिरची लांब, सुरकुतलेली आणि अशी तिखट, की खलबत्त्यात कुटताना शेजारी शिंकायचे.

माती कशात भरायची हा प्रश्न होता. तो आमच्या ह्यांनी सोडवला. नवीन जालन्याच्या पेठेत काही कामाला गेले होते, तिथून गोडेतेलाचे चार रिकामे डबे घेऊन आले. यष्टीच्या टपावर सुतळीनं बांधलेले ते डबे आष्टीपर्यंत असे वाजत आले म्हणे, की कंडक्टर म्हणाला, "वरात हाय का तुमची?" गावच्या लोहारानं डबे उभे कापले आणि माझ्या आठ पाट्या तयार झाल्या. त्या दिवशी मी ह्यांच्यावर इतकी खूश होते, की रागवायचं कारण असूनही रागावले नाही. कारण होतंच, पण ते आता आठवत नाही.

सहा दिवस मी ती पुरचुंडी कनवटीला बाळगली. पाणी भरताना, दळताना, शेण काढताना. सकाळ-संध्याकाळ चिंधीवर पाणी शिंपडायचं आणि पुन्हा खोचायची. पोटाला गारगार लागायचं. सासूबाई म्हणायच्या, "पौष लागून राह्यला. नवं काही मांडत न्हाईत आता." मी म्हणायची, "मांडलं मार्गशीर्षातच, आत्याबाई. पौषात नुसतं उगवायचं हाय." सातव्या दिवशी दुपारी चिंधी सोडली. बियांना पांढरी बारीक टोकं फुटली होती. एकाला नाही, दोनाला नाही, बहुतेक सगळ्यांना. पिठाच्या हातानं मी अंगणात पळत सुटले, पण दाखवायला तिथं कुणीच नव्हतं. म्हणून म्हशीला दाखवलं.

चाळलेलं शेणखत, नदीची वाळू आणि वावरातली माती, असं भरून मी आठही पाट्यांत बी लावलं आणि मधल्या घरात भिंतीशी ओळीनं मांडलं. दिवस वर आला की एकेक पाटी उचलून अंगणात उन्हाला न्यायची, उन्हं कलली की आत आणायची. सोळा खेपा रोजच्या. कंबर मोडून जायची. शेजारच्या बाया ओट्यावर बसून बघायच्या. एक म्हणाली, "लेकरू व्हायच्या आधीच उन्हाला काढायची सवय करून राह्यली." मी म्हटलं, "मंग काय, तुम्हीच बाळंतविडा आणा." हसल्या. मीही हसले, पण लक्ष पाट्यांकडं.

आणि रोपं आली. आधी वाकलेल्या माना मातीबाहेर, मग दोन-दोन पानं. मी उठल्या उठल्या तोंडही न धुता मोजायला बसायची. दारातून उजेड यायचा तिकडं सगळी झुकायची, म्हणून रोज पाट्यांची तोंडं फिरवायची. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या मर्जीनं वाढत होतं आणि मला ते कुणापासून लपवायचंही नव्हतं. फार बरं वाटायचं.

पौषाच्या शेवटी ती ओट्यावरची शेजारीण घरात आली, गालाला हात लावून म्हणाली, "बाई, केवढी दांडगी रोपं." दुसऱ्या दिवशी एका पाटीतली दहा-बारा रोपं मातीशी कुजून आडवी पडली. खरं सांगायचं तर मीच उत्साहानं पाणी जास्त घातलं होतं. पण सासूबाई काही ऐकेनात. त्यांचं म्हणणं, नजर लागली.

दिवेलागणीला त्यांनी सात लाल मिरच्या, मीठ आणि मोहरी मुठीत घेतली. आठही पाट्यांवरून ती मूठ उतरवली, ओठात काहीतरी पुटपुटल्या आणि सगळं चुलीत टाकलं. नजर असली तर ठसका लागत नाही म्हणतात. आम्हाला असा लागला, की विचारू नका. सासरे खोकत बाहेर, हे बाहेर, मी पदर तोंडाला लावून मागच्या दारानं रांजणापाशी, माझ्यामागं सासूबाई डोळ्यांतून पाणी गाळत. डोळे धुता धुता मला हसू फुटलं. मिरचीची नजर मिरचीनंच काढली म्हणून मी हसत होते. त्याही हसल्या, मी पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं. आणि ह्या गोंधळात पुढचं दार सताड उघडं राहिलं. शेळ्या रानातून परत यायची ती वेळ.

आत आले तर आमची शेळी मधल्या घरात उभी. एक पाटी साफ, दुसरीतलं निम्मं तिच्या पोटात.

माझं टाळकं फिरलं. शेळीला हाकलायच्या आधी मी सासूबाईंवर तुटून पडले. "कोणी सांगितलं होतं नजर काढायला? तुमच्याच मनात होतं माझा तुकडा जावा म्हणून." सुनेनं असं बोलायचं नसतं, त्या काळात तर बिलकुल नाही. सासरे दारात उभे होते, सगळं ऐकत होते. सासूबाईंनी शेळीला कानाला धरून बाहेर नेलं आणि सांडलेली माती हातानं पाटीत भरत बसल्या. तेव्हा मला माझीच लाज वाटायला हवी होती. पण मी तशी चटकन लाजणारी नव्हे. मी उरलेली रोपं मोजत बसले. तुकडा भरत नव्हता.

सकाळी त्या माझ्यापाशी आल्या. "बी उरलंय का काही?"

मूठभर होतं. मी म्हटलं, "हाय, पण आता फुटायला आठवडा, वाढायला म्हैना. माघ सरंल."

"भिजव जल्दी," त्या म्हणाल्या. संध्याकाळी मी पुरचुंडी बांधली तसा त्यांनी हात पुढं केला. "दे हिकडं. तू दिवसभर हिंडती, वारं लागतं. मी चुलीपुढं बसून राह्यते, मला ऊब जास्त."

मी दिली. त्यांनी ती लुगड्याच्या कनवटीला खोचली. पाच दिवस त्या उठता-बसता तिथं हात लावून बघायच्या. पाणीही मला शिंपडू देत नव्हत्या. पाचव्या दिवशी मला हाक मारली आणि चिंधी सोडून माझ्यापुढं धरली. "फुटलं गं." मी त्यांचे पाय धरले. आदल्या आठवड्यात जे बोलले होते त्याची माफी तोंडानं मागायला जमलं नाही, म्हणून पाय धरले. त्या म्हणाल्या, "ऊठ, माती भर."

ती रोपं त्यांनीच वाढवली. ऊन त्याच द्यायच्या, पाणी त्याच घालायच्या, आणि मी जवळ गेले की म्हणायच्या, "लई पाणी नको घालू, तुझा हात सैल हाय."

माघ संपायला तीन-चार दिवस असताना सासऱ्यांनी तुकड्यात सऱ्या पाडल्या. पाट्या डोक्यावर घेऊन आम्ही सगळे वावरात गेलो. विहिरीवर मोट चालू होती आणि पाटातून पाणी यायला लागलं होतं. सासरे बांधावर उभे राहिले, घसा साफ केला आणि चक्क माझ्याकडं बघून म्हणाले, "बोल सूनबाई, कुठून सुरू करायचं?" मधे कुणी नाही. मला केवढा आनंद झाला. मग मी पदर खोचला आणि सांगायला लागले. हिकडून सुरू, एवढं अंतर, पाणी आधी सोडा. हे माझं ऐकत होते, सासरे माझं ऐकत होते. ओल्या मातीत रोपं लावता लावता सरीमागून सरी भरत गेली. दुपार कलेपर्यंत मोठी रोपं संपली. शेवटच्या चार सऱ्या राहिल्या आणि सासूबाईंची बारकी रोपं राहिली. मोजली. पुरत होती, तिथल्या तिथं.

तुकडा भरला. सासरे नुसतं "बरं" म्हणाले आणि मोटेकडं गेले. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. तेवढ्यात सासूबाई जवळ आल्या. हात मातीनं भरलेले, नजर खाली. सासऱ्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू त्या म्हणाल्या, "तुझा तुकडा हाय, तू म्हणशील तसं. पण ह्या चारातली एक सरी मला देशील का? माझी म्हणून. तीस सालं ह्या वावरात खुरपून राह्यले, पण माझं म्हणून एक झाड न्हाई."

मला गप्प बसता येत नाही, पण तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मी नुसतं त्या चारातल्या विहिरीला लागून असलेल्या सरीकडं बोट केलं, जिथं पाणी आधी पोचतं.

वैशाखात पहिली तोडणी आली. सगळ्या तुकड्यात बाया शिरल्या, मीही शिरले. त्या सरीपाशी मात्र सासूबाई खुरपं घेऊन बसल्या होत्या. मी मदतीला म्हणून हात लावायला गेले, तर म्हणाल्या, "ती माझी हाय. इचारून तोड."