हत्तीचा एक डोळा

लक्ष्मीअक्का आज सकाळी गेल्या. मला आधी रडू आलं नाही, आधी भीती वाटली.

मला आठवा महिना चालू आहे. दुसऱ्या वेळचा.

पहिल्या वेळी काय झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. जे कुणालाच माहीत नाही, अगदी माझ्या नवऱ्यालाही नाही, ते आज लिहितेय.

अक्का म्हणजे माझ्या माहेरच्या शेजारीण, भिंतीला भिंत लागून. त्यांचे वडील सोलापुरी चादरींची डिझाईन्स ग्राफपेपरवर काढायचे. अक्का त्या कागदांतच वाढल्या आणि पुढे तसलेच ग्राफ काढून क्रोशाची बेबी ब्लँकेटं विणायला लागल्या.

एक चौकोन, एक टाका. हत्ती, ससा, कासव, मेंढी.

चादरींच्या गावात राहून आमच्या गल्लीतली सगळी बाळं अक्कांच्या हत्ती-सशात गुंडाळली गेली. मीसुद्धा.

फक्त एक नियम होता. प्राण्यांचे डोळे आधी करायचे नाहीत.

ग्राफमधला डोळ्याचा चौकोन अक्का लाल पेनानं गोल करून सोडून द्यायच्या. बाळ घरी आलं की काळी लोकर घेऊन यायच्या, बाळंतिणीच्या कॉटवर बसून एका बाजूनं दिसणाऱ्या चार प्राण्यांना एकेक असे चार डोळे घालायच्या आणि चहा पिऊन जायच्या.

"आधी डोळे घातले की नजर लागते," असं गल्ली म्हणायची. अक्का काहीच म्हणायच्या नाहीत.

तीन वर्षांपूर्वी बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा माझ्या बाळाचं ब्लँकेट तयार होतं, डोळे सोडून. अक्का चार दिवस लेकीकडे कुर्डुवाडीला गेल्या होत्या. मला स्टेटसला फोटो टाकायचा होता आणि बिनडोळ्यांचे प्राणी कसेतरीच दिसत होते.

मी घरातलीच काळी लोकर घेतली आणि डोळे घातले. फोटो काढला. "कमिंग सून" लिहिलं.

सहाव्या दिवशी पोटातली हालचाल थांबली.

डॉक्टरांनी कारण सांगितलं, कागदावरही लिहून दिलं. मला ते कधी पटलं नाही. मला माझं कारण माहीत होतं.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मी सगळ्यात आधी ते चार डोळे उसवले. मग ब्लँकेट अक्कांना परत दिलं. कुणाला काही बोलले नाही.

या वेळी डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितली म्हणून माहेरी आले, तर अक्का नवीन लोकर घेऊन हजर. मी म्हटलं, "नको अक्का, काहीच नको करायला."

"बरं, मी न्हाय करत. तूच कर," म्हणाल्या आणि सुई माझ्या हातात दिली.

माझ्या पहिल्या हत्तीची सोंडच तुटली. एक ओळ इकडे, एक ओळ तिकडे. मी ग्राफची प्रत्येक ओळ उजवीकडूनच वाचत होते. अक्का पोट धरून हसल्या.

"अगं, जाताना उजवीकडनं वाचायचं, येताना डावीकडनं. औताचे बैलसुद्धा बांधापाशी वळतेत की!"

हत्ती शेवटी त्यांनीच विणला. ससा, कासव, मेंढीपण.

गेल्या आठवड्यात मेंढी संपत आली होती, तेव्हा मला राहवलं नाही.

"अक्का, मागच्या वेळी डोळे मी घातले होते."

त्यांची सुई थांबली नाही. "माहीत हाय की."

"कसं काय?"

"उसवलेला टाका लपतो व्हय? चार जागी लोकर फुगली होती."

तीन वर्षं त्यांना माहीत होतं. तीन वर्षं, मी माहेरी आले की त्या मला तशाच हाक मारत होत्या.

मी विचारलं, "माझ्यामुळं झालं का?"

आता मात्र त्यांनी सुई खाली ठेवली.

"येडी हायस का गं? काळी लोकर पहिल्या पाण्यात रंग सोडती. बाळाचं ब्लँकेट आधी धुवावं लागतं, म्हणून डोळे शेवटी. एवढंच. नजर-बिजर लोकांनी चिकटवलं त्याला. मी कधी म्हणलं व्हय?"

मग म्हणाल्या, "घाल आत्ता. माझ्यासमोर घाल."

मी लोकर त्यांच्याकडे सरकवली. "नको अक्का. बाळ आलं की तुम्हीच घाला."

"बरं. मी हाय की."

आज सकाळी अंगणात झाडता झाडता बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

मला शेवटचं बघायलाही जाऊ दिलं नाही. "पोटुशीनं मयत बघू नये," म्हणत आईनं खिडकी लावून घेतली. मी आतून फक्त आवाज ऐकले.

सगळे गेल्यावर मी आमच्याकडेच राहिलेली अक्कांची विणकामाची पिशवी उघडली. काळ्या लोकरीचा गुंडा होता. हातभर तुकडा कापला, पांढऱ्या वाडग्यात गरम पाणी आणि साबण घेऊन त्यात टाकला, आणि अर्धा तास बघत बसले.

पाणी होतं तसंच राहिलं. जरासुद्धा रंग उतरला नाही.

अक्का, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात.

आयुष्यभर चौकोन मोजून विणलंत, एक टाका चुकला तर अख्खी ओळ उसवायचात. आणि माझ्या तोंडाकडे बघत इतकं सरळ खोटं बोललात.

आणि आता मला विचारताही येत नाही की मग खरं काय होतं.

बराच वेळ रडले. मग मोठ्या नेढ्याच्या सुईत ती लोकर ओवली आणि हत्तीला डोळा घातला. एकच. टाका वाकडा आलाय.

बाकीच्या तिघांना मात्र बाळ घरी आल्यावर घालणार आहे. रागावू नका. एवढंच धाडस होतं माझ्यात.

कृपया "काही होत नाही गं" अशा कमेंट्स करू नका. मी खूप घाबरलेय. डोळा घातल्यापासून पोटावर हात ठेवून बसलेय.

हे लिहिता लिहिता दोन लाथा बसल्या. तिसरीची वाट बघतेय.

अक्का, तुमच्या पायाशी बसता आलं नाही, म्हणून इथूनच नमस्कार करते. कॉटवरची तुमची जागा मोकळी ठेवीन.