वन्संची पुढची खोली

माझ्या वन्संना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, कान राहतात. बसस्टॉपवर उभ्या असल्या की शेजारच्याच्या कानाकडे टक लावून बघत बसतात. एकदा एका गृहस्थांनी चिडून विचारलं, काय बघताय? यांनी सरळ सांगून टाकलं, तुमचा डावा कान उजव्यापेक्षा अरुंद आहे. ते गृहस्थ बसची वाट न बघता चालायला लागले. मी बाजूलाच होते. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

पण त्यात त्यांचा दोष नव्हता. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची आमच्या घरात कोणाची छाती नाही. ऐन तरुणपणापासून त्या एका कानाच्या दवाखान्यात मागच्या खोलीत साचे करायच्या. ऐकायचं यंत्र कानात नीट बसायला ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाचा लहानसा साचा लागतो. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटच्या कानात मऊ लगदा घालून ठसा घ्यायचे, तो डबीतून मागे यायचा, आणि वन्सं त्यावरून साचा ओतून, घासून, गुळगुळीत करून परत पुढे पाठवायच्या. साचा चुकला तर यंत्र शिट्टी मारतं नाहीतर कानाला टोचतं. वन्संच्या साच्याबद्दल तक्रार क्वचितच यायची. डबीवर फक्त नंबर असायचा. आत कोणाचा कान आहे, म्हाताऱ्याचा की तरण्याचा, यंत्र लागल्यावर तो माणूस हसला की रडला, हे त्यांना कधीच कळलं नाही.

मग दवाखान्यात मशीन आलं. कानात दिवा फिरवायचा, कॉम्प्युटरवर चित्र उमटतं आणि साचा आपोआप तयार होऊन बाहेर पडतो. डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी वन्संना समोर बसवून सांगितलं की मागची खोली आता काही वर्षांचीच सोबती आहे. पुढे मात्र श्रवणतज्ज्ञ हवा आहे. ऐकण्याची तपासणी करायची, यंत्र लावायचं, पेशंटला सांभाळून घ्यायचं. त्याला विद्यापीठाची पदवी लागते. ती आणलीत तर जागा तुमचीच.

वन्संनी कॉलेजचं तोंड फक्त एक वर्ष पाहिलं होतं, तेही केव्हाच्या काळी. आता पंचेचाळिशी उलटलेली. विद्यापीठात मोठ्या वयाच्या लोकांसाठी वेगळी प्रवेशपरीक्षा असते, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं तेव्हा आमच्या ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. "ताई, या वयात?" एवढंच ते म्हणाले.

"वय काय, बसून राहिले तरी वाढणारच आहे," वन्सं म्हणाल्या आणि वाढून घ्यायला उठल्या.

पहिल्या दिवशी वर्गातल्या एका मुलीनं त्यांना अदबीनं विचारलं, काकू, कोणाला सोडायला आलात? तिथून पुढे त्या सगळ्या वर्गाच्या काकू झाल्या. सकाळी विद्यापीठ, दुपारी मागची खोली, संध्याकाळी पुस्तक. आवाजाचं भौतिकशास्त्र त्यांना काही केल्या पचेना. आमच्या घरातला टीव्ही मुका झाला. मी भाजी चिरत असले की समोर उभ्या राहून त्या मला कानाच्या आतली रचना म्हणून दाखवायच्या. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मीच. पण घडासुद्धा चार वर्षांत ओला होतो. आजही झोपेतून उठवून विचारलंत तर कानातल्या तीन हाडांची नावं सांगेन.

लेखी पेपर त्या दरवर्षी पडत-धडपडत काढत गेल्या. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाची मात्र कोणालाच काळजी नव्हती. हातात इतकी कला असताना प्रात्यक्षिकाला कोण भितो? आणि नेमक्या तिथेच त्या नापास झाल्या.

झालं असं. परीक्षेला समोर एक वयस्कर बाई बसवल्या होत्या. उभा जन्म टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम केलेल्या. त्या म्हणाल्या, यंत्र टोचतं. वन्संनी साचा काढला, उजेडात धरला, कड कुठे चढली आहे ते एका नजरेत ओळखलं, घासला, चकचकीत करून परत बसवला. बाई म्हणाल्या, बरं वाटतंय. वन्सं खूश. परीक्षा घेणाऱ्या मॅडम, वन्संना मुलगी असती तर तिच्या वयाच्या. त्यांनी शांतपणे विचारलं, तुम्ही या बाईंना एक तरी प्रश्न विचारलात का?

नव्हता विचारला. नमस्कारसुद्धा केला नव्हता. तोंडाकडे पाहिलंच नव्हतं, सगळं लक्ष कानाकडे. मॅडम म्हणाल्या, साचा उत्तम आहे, पण ही परीक्षा साच्याची नाही.

घरी आल्यावर वन्संनी तोंडातून शब्द काढला नाही. मग त्यांच्या वाटणीचं मीच बोलले. कानामागून आली आणि तिखट झाली, कालची पोर आमच्या वन्संना शिकवते, असं बरंच. डॉक्टरांनी कळवलं, फेरपरीक्षेपर्यंत थांबतो, त्यानंतर मात्र दुसरं माणूस घ्यावं लागेल. म्हणजे आता मागची खोली जाणार आणि पुढचीही नाही. चार वर्षं पाण्यात. वन्सं जेवायच्या, उठायच्या, भांडी घासायच्या आणि खोलीत जाऊन बसायच्या. मला त्यांची भीती वाटायला लागली.

विद्यापीठाच्या दवाखान्यात सराव करायची मुभा होती म्हणून त्या जात राहिल्या. पुढच्याच आठवड्यात त्या ऑपरेटरबाई परत आल्या. तक्रार तीच. टोचतं. साचा तर निर्दोष होता. वन्संचा हात सवयीनं घासायच्या हत्याराकडे गेला. जित्याची खोड. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले, अक्षरशः हातांवर बसल्या, आणि विचारलं, कधी टोचतं?

"संध्याकाळी," बाई म्हणाल्या.

"संध्याकाळीच का?"

 बाई म्हणाल्या, "संध्याकाळी सगळे घरी असतात. यंत्र नव्हतं तेव्हा मला वाटायचं, ही मंडळी माझ्याशी बोलत असतील, मलाच ऐकू येत नसेल. आता कळतं, बोलतच नाहीत."

वन्संनी हे मला सांगितलं तेव्हा मी चहा ओतत होते, तो कपाबाहेर गेला. त्या म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं मी साचे घासले. त्यातले किती नुसतेच घासले असतील, देव जाणे."

दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन मॅडमच्या खोलीत गेल्या. बाईंना काय टोचतंय ते कळलं, पण पुढे काय करायचं ते येत नाही, शिकवा, म्हणाल्या. आणि त्या कालच्या पोरीनं शिकवलं, बाजूला खुर्ची घेऊन. घरच्यांना बोलावून घ्यायचं. त्यांच्यासमोर तक्रार मांडायची नाही, काम सोपवायचं: रोज समोर बसून, तोंड दिसेल असं, थोडा वेळ बोलायचं. यंत्राची सवय व्हायला हे औषध आहे असं सांगायचं, कारण ते खरंच आहे. ऑपरेटरबाईंचा मुलगा आणि सून आले. आधी घड्याळाकडे बघत होते, नंतर नाही. बाई पुढच्या वेळी तपासणीला आल्या तेव्हा टोचण्याचं नाव नव्हतं. मुलगा टेलिफोन ऑफिसातल्या गोष्टी ऐकायला मागतो, ही तक्रार तेवढी होती, आणि ती त्या हसून करत होत्या.

फेरपरीक्षेत वन्सं पास झाल्या. पेढे-बिढे त्यांना आवडत नाहीत. त्या तडक मॅडमकडे गेल्या आणि म्हणाल्या, तुम्ही मला तेव्हा पास केलं असतंत तर मी पुढच्या खोलीत बसून मागचंच काम केलं असतं. तुमचे उपकार आहेत.  मी त्या मुलीबद्दल जे जे बोलले होते ते सगळं मनातल्या मनात परत घेतलं आणि वर आशीर्वाद दिले.

आता वन्सं पुढच्या खोलीत बसतात. दारावर पाटी आहे, पगार पहिल्यापेक्षा बरा आहे, आणि कोणाला कुठलं यंत्र द्यायचं ते त्या ठरवतात. डॉक्टर त्यांचं मत विचारतात. या वयात शिकून काय मिळालं असं कोणी विचारलं की मी हे सगळं ऐकवते, ठसक्यात ऐकवते. विद्यापीठाचे आमच्या घरावर उपकार आहेत, आणि ते मी कोणाला विसरू देणार नाही.

पण एक गोष्ट मी कोणाला सांगत नाही. परवा संध्याकाळी वन्सं दवाखान्यातून आल्या, हातपाय धुतले आणि ओट्याजवळ खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "तू कशी आहेस?"

मी म्हटलं, मला काय धाड भरलीये. नेहमीचंच उत्तर. त्यावर लोक नेहमी हसतात आणि आपापल्या कामाला जातात. वन्सं उठल्या नाहीत. हात मांडीखाली घेऊन बसून राहिल्या. मी गॅस बारीक केला, मग बंदच केला, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा सांगायला बसले.