'आय'च्या जागी 'ए'

दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी मी पनवेलच्या एका लॅबमध्ये स्पेलिंगची चूक दाखवायला गेलो होतो.

मी फ्लेक्स आणि पत्रिकांच्या दुकानात टायपिंग करतो. शिक्षण बारावीपर्यंत, तेही अर्धवट. छापलेलं काहीही हातात आलं की आधी चुका दिसतात, आणि दुरुस्त होईपर्यंत चैन पडत नाही...

आईचा रक्ताचा रिपोर्ट आदल्या दिवशी मोबाइलवर आला होता. हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ. तीन वर्षांपूर्वीही असंच कमी झालं होतं. तेव्हा रिपोर्टमध्ये 'मायक्रोसायटिक' लिहिलं होतं आणि लोहाच्या गोळ्यांनी ती बरी झाली होती.

या वेळी त्याच शब्दात दुसरं अक्षर 'आय'ऐवजी 'ए' पडलं होतं. मॅक्रोसायटिक. आमचे नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी गेले होते. दुखणं तेच, फक्त टायपिंग चुकलंय, असं मीच ठरवलं आणि जुन्याच गोळ्या मेडिकलमधून आणून सुरूही केल्या.

"एवढं दुरुस्त करून प्रिंट द्या, फाइलला लावायचीय," मी काउंटरवर म्हणालो. पलीकडे उभ्या असलेल्या टेक्निशियन मॅडमनी कागद घेतला, नीट वाचला.

"दादा, स्पेलिंग बरोबर आहे. मायक्रो म्हणजे लहान, मॅक्रो म्हणजे मोठं. हा एमसीव्ही बघा, म्हणजे पेशींचा सरासरी आकार, एकशे अठरा. शंभरच्या आत हवा. रक्त कमी आहे, पण पेशी फुगल्यात."

माझा चेहरा बघून त्यांनी मला आत नेलं आणि मायक्रोस्कोपमधून दाखवलं. मोठ्या, लांबट, अंड्यासारख्या लाल पेशी. मधे एक पांढरी पेशी, तिच्या केंद्रकाचे तुकडे मोजायला सांगितले. सहा भरले. "एरवी तीन-चार असतात," त्या म्हणाल्या. "आईंच्या पायांना मुंग्या येतात का?"

गेले कित्येक महिने चालता चालता आईची चप्पल पायातून निघून जायची आणि तिला कळायचंही नाही. आम्ही घरात तिला हसायचो. "चप्पलच सैल हाय, मना काय झालं नाय," असं ती म्हणायची. मी तिला मागे पट्टा असलेली सँडल आणून दिली होती.

जीभ लालभडक, गुळगुळीत. तिखट झोंबतं म्हणून जेवण कमी झालेलं. डोळे जरा पिवळट. हे सगळं मला दिसत होतं, पण कुणी कागदावर छापून दिलं नव्हतं.

"मी डॉक्टर नाही," मॅडम म्हणाल्या, "पण आजच कुणाला तरी दाखवा. रक्त भरून निघतं, नसांचं तसं नसतं."

संध्याकाळी खांदा कॉलनीतल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईला पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. ती अशी झोकांडली की मी धरलं नसतं तर पडलीच असती. बी-ट्वेल्व्ह तपासलं, फारच कमी निघालं. ते कमी पडलं की पेशी फुगतात आणि नसाही बिघडतात, असं त्यांनी सांगितलं.

आम्ही आगरी, घरात मासळी रोजची. पण आईने सात वर्षांपूर्वी गळ्यात माळ घातली आणि मासळी, मटण, अंडी सगळं सोडलं. दूध तिला कधीच पचलं नाही. डॉक्टर म्हणाले, हे जीवनसत्त्व मासळीत असतं, आजी. आई म्हणाली, "मग सुई टोचा. पायजे तं रोज टोचा. मासली मी नाय खानार."

इंजेक्शनं चालू आहेत. हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलंय, भाकरीसोबत ठेचा परत मागायला लागलीय. पायाच्या बोटांतला बधिरपणा मात्र अजून आहे. तो पूर्ण जाईल की नाही, हे डॉक्टरांनाही आज सांगता येत नाही.

त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती. माझ्या सांगण्यावरून मॅडमनी 'ए' खोडून 'आय' केला असता, तर मी थँक यू म्हणून समाधानाने घरी आलो असतो...